शंका घ्यायला शिकलो. निर्णय कधी शिकणार?

काही पुस्तके अशी असतात की ती वाचल्यावर वर्तमानपत्र पूर्वीसारखे वाचताच येत नाही. डॅरेल हफ यांचे 'हाऊ टू लाय विथ स्टॅटिस्टिक्स' हे त्यांतले एक. १९५४ साली अमेरिकेत निघालेले हे छोटेसे पुस्तक सांख्यिकीवरील सर्वांत जास्त वाचल्या गेलेल्या पुस्तकांत गणले जाते. हफ हे सांख्यिकीतज्ज्ञ नव्हते, पत्रकार होते. आयर्व्हिंग गाइस यांच्या खट्याळ चित्रांनी सजलेले हे पुस्तक आम्ही दोघा-तिघा शिक्षकांनी नववी ते अकरावीच्या मुलांबरोबर शनिवारच्या तासांना वाचून काढले. मुलांना ते फार आवडले, आम्हालाही आवडले. तरीही आज त्याच्याविषयी एक तक्रार घेऊन आम्ही वाचकांपुढे येत आहोत.

तक्रार कशी सुचली ते आधी सांगतो. पुस्तक संपता संपता मुले तरबेज झाली होती. 'दहापैकी नऊ दंतवैद्य' म्हणणारी जाहिरात दिसली की ती विचारत, 'कोणते दहा?' एका शिकवणी वर्गाच्या निकालाच्या फलकाची तर त्यांनी चिरफाडच केली. याच सुमारास स्काउट-गाइडच्या 'खरी कमाई'चा स्टॉल आमच्या वर्गाकडे आला. दर शनिवारी शाळा सुटल्यावर वडापाव विकायचे. वडापाव बाहेरून मागवायचे, उरले तर परत घेतले जाणार नाहीत. आधीच्या गटाने दहा शनिवारांच्या नोंदी ठेवल्या होत्या. आम्ही साधा प्रश्न विचारला, "येत्या शनिवारी किती मागवू या?"

शंका भराभर आल्या. दहाच शनिवार कसे पुरतील? पाऊस होता का? नोंदी कोणी ठेवल्या? सगळ्या शंका रास्त होत्या. पण आकडा कोणी सांगेना. शेवटी एक मुलगी म्हणाली, "सर, सरासरी काढू आणि तेवढे मागवू." सगळ्यांनी माना डोलावल्या. इतके शंकेखोर झालेले वर्गबंधू त्या एका सूचनेवर मात्र मुळीच शंका घेईनात. ती सूचना चुकीची होती, हे पुढे पाहूच. पण ती चूक पकडण्यासाठी लागणारे हत्यार या पुस्तकात नाही, हे त्या दिवशी आमच्या लक्षात आले.

पुस्तकाचे गुण

आधी श्रेय द्यायला हवे. पुस्तकात दहा प्रकरणे आहेत. नमुना कसा कलता असतो, 'सरासरी' या एका शब्दाआड मध्य, मध्यक आणि बहुलक असे तीन वेगळे प्राणी कसे लपतात, आलेखाचा अक्ष तोडून लहान वाढ मोठी कशी दाखवतात, दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे कसे ठरत नाही, हे सारे हफ गप्पा मारल्यासारखे सांगतात.

येल विद्यापीठातून १९२४ साली बाहेर पडलेल्यांचे सरासरी वार्षिक उत्पन्न २५,१११ डॉलर, ही बातमी त्यांनी प्रारंभी घेतली आहे. इतका नेमका आकडा? माणसाला स्वतःचे उत्पन्न तरी इतके नेमके माहीत असते का? पत्रे कोणाला पोचली? ज्यांचे पत्ते सापडले त्यांना, म्हणजे बहुधा ज्यांचे बरे चालले आहे त्यांना. उत्तरे कोणी पाठवली? ज्यांना उत्पन्न सांगायला संकोच वाटला नाही त्यांनी. एका ओळीच्या बातमीतून इतके प्रश्न निघू शकतात, हे पाहून मुलांचे डोळे चमकतात. शेवटच्या प्रकरणात हफ कोणत्याही आकड्याला विचारायचे पाच प्रश्न देतात. सांगणारा कोण, त्याला ते कळले कसे, काय गाळले आहे, बोलता बोलता विषय तर बदलला नाही ना, आणि एकूण हे पटण्याजोगे आहे का, असा त्यांचा आशय आहे. हे प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर लिहून ठेवावेत अशा योग्यतेचे आहेत.

काही ठिकाणी मात्र शिक्षकाने पुरवणी जोडायला हवी. अक्ष शून्यापासून सुरू न करणारा आलेख फसवा, असा ग्रह मुलांच्या मनात पक्का होतो. मग आम्ही तापाचा तक्ता दाखवतो. शरीराचे तापमान ९८.६ वरून १०३ अंश फॅरनहाइटवर गेले आणि तक्ता शून्यापासून काढला, तर रेघ जवळजवळ सपाट दिसेल आणि रोगी मात्र तापाने फणफणलेला असेल! अक्ष कोठून सुरू करायचा हे 'किती फरक पडला म्हणजे आपल्याला काही करावे लागते' यावरून ठरते. हफ यांच्या पुस्तकात नेमका हा 'काही करावे लागते'चा भाग नाही.

कारण या पुस्तकाचा वाचक नेहमी एकाच बाजूला बसलेला आहे. दुसरा कोणी तरी आकडा फेकतो, वाचक तो झेलतो किंवा चुकवतो. स्वतः आकडे गोळा करून, ते अपुरे आहेत हे ठाऊक असूनही, उद्या सकाळी काही तरी ठरवायचे आहे, अशा माणसाला येथे जागा नाही. व्यापारी या पुस्तकात भेटतो तो जाहिरातदार म्हणून, म्हणजे फसवणारा म्हणून. पण व्यापाऱ्यालाही कोणी तरी फसवत असते. त्याला फसवते ती अनिश्चितता, आणि तिच्याशी तो कसा वागतो यातही सांख्यिकी आहे. उलट ती तर सांख्यिकीच्या जन्मकथेचाच एक भाग आहे.

मद्याच्या कारखान्यातला 'विद्यार्थी'

महाविद्यालयात सांख्यिकी शिकलेल्यांना 'स्टुडंट्स टी' ही चाचणी ठाऊक असते. हा 'स्टुडंट' म्हणजे विल्यम सीली गॉसेट. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकून तो १८९९ साली डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात नोकरीला लागला. कोणत्या जातीचे बार्ली घ्यावे, कोणते खत चांगले, कोणते हॉप्स किती दिवस टिकतात, असे त्याचे प्रश्न होते. प्रयोग करायचा तर शेताचे चार-सहा तुकडे मिळत. हजारो निरीक्षणांसाठी रचलेली त्या काळची सूत्रे चार-सहा तुकड्यांना लागू पडत नव्हती. 'आणखी माहिती आल्यावर सांगतो' असे म्हणायची सोयही नव्हती, कारण बार्लीची खरेदी दर हंगामात करावीच लागे. या अडचणीतून थोड्या निरीक्षणांवरून अंदाज कसा करावा याचे त्याचे गणित निघाले. १९०८ साली ते 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात छापून आले. कारखान्याच्या नियमांमुळे स्वतःचे नाव देता येत नव्हते, म्हणून त्याने 'स्टुडंट' हे टोपणनाव घेतले.

गॉसेटचे सूत्र प्रसिद्ध झाले, पण त्यामागचा विचार तितका प्रसिद्ध झाला नाही. किती खात्री पटली म्हणजे पुरे, असा प्रश्न त्याला पडला होता. त्याचे म्हणणे असे, की ते एकदाच सर्वांसाठी ठरवून चालणार नाही. निष्कर्ष मानल्याने किती फायदा होणार आहे आणि आणखी एक प्रयोग करायला किती खर्च येणार आहे, यांची तुलना करूनच ते ठरवावे लागेल.

असाच हिशेब आपल्याकडे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी मोठ्या प्रमाणावर मांडला. १९३७ पासून बंगालमध्ये तागाच्या लागवडीचे क्षेत्र नमुना पाहणीने मोजण्याचे काम त्यांनी चालवले. तेथे त्यांचा प्रश्न केवळ 'अंदाज किती अचूक?' एवढा नव्हता. इतक्या खर्चात जास्तीत जास्त अचूकता कशी मिळेल, किंवा इतक्या अचूकतेसाठी कमीत कमी खर्च किती, असा तो होता. माहितीला किंमत असते आणि माहिती नसण्यालाही किंमत असते. ही दोन वाक्ये शाळेच्या सांख्यिकीत आली तर तिचा चेहराच बदलेल, असे आम्हाला वाटते.

वडापावचा हिशेब

आता आमच्या स्टॉलकडे वळू. दहा शनिवारांची मागणी, सोयीसाठी दहाच्या पटीत, अशी होती: ६०, ७०, ७०, ८०, ८०, ९०, ९०, १००, १२०, १४०. बेरीज ९००, म्हणजे मध्य ९०. मध्यक ८५. एक वडापाव आम्हाला १२ रुपयांना पडे, आम्ही तो २० रुपयांना विकत असू. उरलेल्याचे मोल शून्य.

सरासरीने ९० मागवावेत असे मुलांचे मत. आम्ही म्हटले, एकदम ९० वर उडी नको. दहा-दहाने पायऱ्या चढू. पहिले ६० तर दर शनिवारी खपलेच आहेत. ६१ ते ७० हे दहा नग खपण्याची वेळ दहापैकी नऊ शनिवारी आली. ७१ ते ८० खपण्याची वेळ दहापैकी सात शनिवारी आली. म्हणजे त्या पायरीवरील प्रत्येक नगामागे सरासरी वसुली २० रुपयांच्या सात दशांश, म्हणजे १४ रुपये. खर्च १२. घ्यावा! पुढची पायरी, ८१ ते ९०. ही पाचच शनिवारी खपली. वसुली १० रुपये, खर्च १२. घेऊ नये! उत्तर आले ८०.

ताळा पाहू. ८० मागवले असते तर दहा शनिवारांत सरासरी ७६ खपले असते. वसुली १५२० रुपये, खर्च ९६०, नफा ५६०. ९० मागवले असते तर सरासरी ८१ खपले असते. वसुली १६२०, खर्च १०८०, नफा ५४०. सरासरीइतका माल मागवून सरासरीने नफा कमी! मुलांना हे पटायला वेळ लागला. दोन-तिघांनी वही काढून दहाही शनिवारांचा हिशेब पुन्हा केला, तेव्हा कोठे पटले.

मग आम्ही दुसरा प्रश्न टाकला. समजा हाच स्टॉल लिंबू सरबताचा आहे. मागणी अगदी तीच, विक्री २० रुपयांनाच, पण एक पेला पडतो फक्त ५ रुपयांना. आता? ९१ ते १०० ही पायरी तीन शनिवारी खपली. वसुली ६, खर्च ५. घ्यावी. १०१ ते १२० ही दोनच शनिवारी खपली. वसुली ४, खर्च ५. घेऊ नये. उत्तर १००.

येथे वर्ग शांत झाला. आकडे तेच, मध्य तोच, मध्यक तोच, आयतालेख काढला तर तोही तोच. तरीही वडापाव ८० आणि सरबत १००, आणि ९० हे दोन्ही ठिकाणी चूक. याचा अर्थ उत्तर केवळ आकड्यांत नव्हते. कमी पडले तर काय गमावू आणि जास्त झाले तर काय गमावू, या दोन नुकसानींच्या तुलनेत ते होते. या कोड्याला पुस्तकांत 'वृत्तपत्र विक्रेत्याचा प्रश्न' म्हणतात, कारण सकाळी किती अंक उचलावेत हे पेपरवाल्याला रोज असेच ठरवावे लागते. एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ साली बँकेने किती रोकड हाताशी ठेवावी यासाठी हाच विचार मांडला होता.

शंकेची किंमत

हफ यांचे प्रश्न मग निरुपयोगी ठरले का? मुळीच नाही. आता तर त्यांना खरे काम मिळाले. 'काय गाळले आहे?' हा प्रश्न एका मुलाने पुन्हा विचारला आणि नोंदवही नीट पाहिली. १०० ची नोंद असलेल्या शनिवारी मागवलेच होते शंभर! शंभराच्या शंभर संपले होते. म्हणजे ती मागणी नव्हती, ती विक्री होती. मागणी १३० सुद्धा असू शकेल.

शंका बिनतोड होती. पण आता आम्ही तिला पुढचा प्रश्न विचारू शकत होतो: तुझ्यामुळे निर्णय बदलतो का? वडापावच्या बाबतीत ८१ ते ९० या पायरीवर पाच शनिवार होते, ते पाचच राहतात. निर्णय ८० चा ८०. सरबताच्या बाबतीत मात्र १०१ ते १२० या पायरीवर दोनाऐवजी तीन शनिवार होतात. वसुली ६, खर्च ५, म्हणजे आता १२० पर्यंत जायला हवे. एकच शंका, पण एका ठिकाणी ती बिनमोल आहे आणि दुसऱ्या ठिकाणी मोलाची. पुढच्या वेळी 'किती जण हात हलवत परत गेले' याचीही नोंद ठेवायचे कष्ट घ्यावेत की नाही, हे त्यावरून ठरेल.

आमची तक्रार नेमकी ही आहे. हफ सर्व शंका एका मोलाच्या मानतात. कोणती शंका निर्णय उलटवते आणि कोणती नुसतीच खरी असते, हा भेद पुस्तक शिकवत नाही. वडापावात यामुळे वीस-पंचवीस रुपयांचे नुकसान होईल. पण सगळीकडे ते इतके स्वस्त नसते.

१९५४ आणि १९६५

हे पुस्तक निघाले त्या १९५४ सालाकडे पाहू. चार वर्षांपूर्वी, १९५० मध्ये, ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण आणि तितकेच इतर रुग्ण यांची तुलना प्रसिद्ध केली होती. कर्करोगाच्या ६४९ पुरुष रुग्णांपैकी धूम्रपान न करणारे फक्त २ होते. तुलनेसाठी घेतलेल्या ६४९ पुरुषांत ते २७ होते. टक्केवारीत सांगायचे तर एकीकडे धूम्रपान करणारे ९९.७ टक्के आणि दुसरीकडे ९५.८ टक्के. याचा स्तंभालेख शून्यापासून काढून पाहा. दोन खांब जवळजवळ सारखे दिसतील, आणि नुकताच शंका शिकलेला मुलगा म्हणेल, 'यात फरक तो काय?' पण २ आणि २७ हे आकडे शेजारी ठेवले की चित्र पालटते.

मग १९५१ मध्ये या दोघांनी ब्रिटनमधील सुमारे ६० हजार डॉक्टरांना प्रश्नावली पाठवली. सुमारे ४० हजारांनी उत्तर दिले. १९५४ सालच्या पहिल्या अहवालात फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू होते अवघे ३६. संख्या लहान, पण तंबाखूच्या प्रमाणाबरोबर मृत्युदर चढत गेलेला होता. त्याच वर्षी ४ जानेवारीला अमेरिकेतील सिगारेट कंपन्यांनी ४०० हून अधिक वर्तमानपत्रांत एक निवेदन छापले. सिगारेट निर्दोष आहे असे त्यात सिद्ध केलेले नव्हते. कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध झालेला नाही, संशोधनाला आम्ही मदत करू, असा त्याचा सूर होता. विकायची होती ती वस्तू शंका होती.

आता १९६५. अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय सल्लागारांचा धूम्रपानावरील अहवाल आदल्या वर्षी आलेला. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापावा का, यावर अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सुनावणी चालू होती. तेथे साक्षीला आले डॅरेल हफ. करकोचे आणि मुलांचे जन्म यांच्या आकड्यांतही मेळ दिसतो, म्हणून करकोचे मुले आणतात असे होत नाही, या जातीचे दाखले देऊन त्यांनी धूम्रपानाविरुद्धच्या पुराव्यावर शंका घेतल्या. तंबाखू उद्योगाच्या पैशावर या विषयावरचे एक पुस्तकही त्यांनी लिहायला घेतले होते. ते कधी प्रसिद्ध झाले नाही. कंपन्यांची कागदपत्रे पुढे खुली झाली, त्यांतून ही हकिगत जगापुढे आली.

यामुळे १९५४ चे पुस्तक रद्द होते असे आम्ही म्हणत नाही. लेखकाच्या नंतरच्या वागणुकीने त्याचे आधीचे बरोबर वाक्य चूक होत नाही. 'सांगणारा कोण?' हा हफ यांचाच पहिला प्रश्न त्यांना लावला, की त्यांच्या साक्षीचे मोल कळते, तेवढे पुरे. आमचा मुद्दा वेगळा आहे. समितीपुढचे कित्येक आक्षेप तसे त्यांच्या पुस्तकाच्या नियमांना धरूनच होते. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे वाक्य तेव्हाही खरे होते, आजही आहे. मग चुकले काय? 'अजून सिद्ध झाले नाही, म्हणून थांबा' यातले 'थांबा' हे तटस्थ आहे असे गृहीत धरले गेले. थांबणे म्हणजे विक्री चालू ठेवणे, हाही एक निर्णयच होता. त्याचीही किंमत होती, आणि ती दुसरेच लोक मोजत होते.

त्याच १९६५ च्या जानेवारीत लंडनला ब्रॅडफर्ड हिल यांनी एक व्याख्यान दिले. सहसंबंधावरून कारणाकडे जाताना काय काय तपासावे, याची त्यांनी दिलेली यादी आजही वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवली जाते. पण व्याख्यानाचा शेवटचा छोटा भाग आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. गरोदर स्त्रियांना सकाळच्या मळमळीवर दिले जाणारे एखादे औषध धोक्याचे असल्याचा थोडासा पुरावा मिळाला, तरी ते थांबवावे, कारण चूक झाली तरी फारसे बिघडत नाही. कारखान्यातला एखादा संशयित पदार्थ बदलायचा, तर बऱ्यापैकी पुरावा हवा. आणि लोकांना न आवडणारे इंधन घरात जाळायला लावायचे किंवा आवडीची सिगारेट सोडायला लावायची, तर भक्कम पुरावा हवा. सिगारेटबाबत हिल यांच्याजवळ तो होता. वैज्ञानिक ज्ञान नेहमीच अपुरे असते, पण म्हणून हाती असलेल्या ज्ञानाकडे पाठ फिरवण्याची मुभा मिळत नाही, असा त्यांच्या समारोपाचा आशय होता.

वाचकांच्या लक्षात आले असेल, की हा आमचा वडापाव आणि सरबताचाच हिशेब आहे. पुरावा किती हवा हे पुराव्यावरून ठरत नाही. दोन बाजूंच्या चुकांच्या किमतीवरून ते ठरते. गॉसेटने बार्लीच्या बाबतीत तेच म्हटले होते.

आपल्या वर्गात

परदेशी पुस्तकावर टीका करून आपण मोकळे होऊ नये. २०१८ साली आलेल्या आपल्या दहावीच्या 'गणित भाग १' मध्ये अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी ही प्रकरणे चौथे, पाचवे, सहावे अशी ओळीने आहेत. पैसा, शक्यता आणि आकडे! निर्णयाला लागणारी तिन्ही माणसे शेजारशेजारच्या घरांत राहतात, पण त्यांचे जाणे-येणे नाही. संभाव्यतेत नाणी, फासे आणि पत्ते. सांख्यिकीत सरळ पद्धती, गृहीतमध्य पद्धती, मध्यप्रमाण विचलन पद्धती. मध्य काढण्याच्या तीन रीती मुलाला येतात. काढलेल्या मध्याचे करायचे काय, हे त्याला कोणी विचारत नाही. आमच्या मुलीने सरासरीइतके वडापाव मागवा म्हटले, त्यात तिचा दोष थोडाच होता? 'सरासरी काढा' येथेच तिचा प्रत्येक प्रश्न आजवर संपला होता.

अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे, परीक्षेत हे विचारत नाहीत, हे आक्षेप आम्हाला मान्य आहेत. पण वरचा सगळा हिशेब दोन तासिकांत होतो आणि त्याला बेरीज-गुणाकारापलीकडे काही लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अशाने मुले प्रत्येक गोष्टीची रुपयांत किंमत करायला शिकतील, माणसाच्या जिवाचीही. ही भीती खोटी नाही. म्हणूनच वडापाववर न थांबता सिगारेटपर्यंत जायला हवे आणि 'नुकसान कोणाचे?' हा प्रश्न फळ्यावर सहावा म्हणून लिहायला हवा. स्टॉलवर नफा आणि तोटा दोन्ही आमचेच होते. सिगारेटच्या व्यवहारात नफा एकाचा आणि आजार दुसऱ्याचा होता. हा फरक मुलांना बरोबर कळतो.

हफ यांचे पुस्तक तेव्हा जरूर वाचावे, मुलांकडून वाचून घ्यावे. फक्त ते संपल्यावर एखादा खरा, छोटा निर्णय मुलांपुढे ठेवावा. सहलीसाठी किती आसनांची बस ठरवायची? शालेय पोषण आहाराचा तांदूळ किती शिजत घालायचा?

जाता जाता आमच्या स्टॉलचे काय झाले तेही सांगतो. ८० वडापाव मागवले. त्या शनिवारी नेमकी भुरभुर लागली आणि खपले ६२. अठरा उरले, ते आम्हीच संपवले. नफा २८० रुपये. एक मुलगा रागावून म्हणाला, "तुमचे गणित चुकले. साठच मागवायला हवे होते." मग वर्गात वाद रंगला. निकाल वाईट लागला म्हणजे निर्णय वाईट होता का? शुक्रवारी संध्याकाळी आपल्याला काय माहीत होते? हवामानाचा अंदाज पाहायचे राहिले, ही चूक मात्र सगळ्यांनी कबूल केली आणि नोंदवहीत 'पाऊस' असा नवा रकाना पडला. वाद तास संपला तरी मिटला नव्हता.

पुढच्या शनिवारी त्यांनी पुन्हा ८० च मागवले.